सोमेश्वराचं ताट

लातूरच्या पापविनाशक मंदिरात सापडलेला एक शिलालेख बाराव्या शतकातला आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या काळातला. लत्तलूर, म्हणजे आपलं लातूर, हे या राजाचं नगर, आणि इथे पाचशे विद्वान राहतात, असं तो सांगतो. लातूरकर या लेखाकडे गावाच्या थोर जुनेपणाचा पुरावा म्हणून बघतात, आणि ते योग्यच आहे. पण याच राजाने एक ग्रंथ लिहिला आहे, आणि त्या ग्रंथातलं एक प्रकरण लातूर-नांदेडच्या कुठल्याही स्वयंपाकघरात उभं राहून वाचावं इतकं आपलं आहे, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. ग्रंथ ‘मानसोल्लास’, दुसरं नाव ‘अभिलषितार्थचिंतामणि’. काळ साधारण इ.स. 1129 ते 1131. प्रकरण ‘अन्नोपभोग’.

सोमेश्वराची राजधानी कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, लातूर जिल्ह्याला लागून असलेल्या बीदर जिल्ह्यात. वडील सहावा विक्रमादित्य. त्याच्या दरबारात काश्मीरहून आलेला बिल्हण कवी होता आणि ‘मिताक्षरा’ लिहिणारा विज्ञानेश्वर होता. अशा घरात वाढलेला हा मुलगा इ.स. 1126च्या सुमारास गादीवर आला आणि त्याने ‘भूलोकमल्ल’ व ‘सर्वज्ञ’ ही बिरुदं लावली. लढायांमध्ये तो बापाची बरोबरी करू शकला नाही. त्याने ग्रंथ लिहिला; तोही कसा, तर हत्ती, घोडे, किल्ले, कर, वैद्यक, चित्रकला, संगीत, नृत्य, कुस्ती, मासेमारी यांच्यासोबत भात कसा शिजवावा हेही सांगणारा. आठ हजारांच्या आसपास श्लोक, शंभर अध्याय, वीस-वीस अध्यायांच्या पाच विंशती.

तिसरी विंशती उपभोगांची. त्यातली नुसती नावं ओळीने वाचली तरी एखाद्या उंची वास्तव्याचा अख्खा दिवस डोळ्यांसमोरून जातो: गृह, स्नान, पादुका, तांबूल, विलेपन, वस्त्र, माल्य, अलंकार, आसन, चामर, दरबार, पुत्र, अन्न, पाणी, पायांना तेल चोळणं, वाहन, छत्र, शय्या, धूप आणि शेवटी स्त्रीसहवास. राहणं, न्हाणं, जेवणं, निजणं या सगळ्यांचा विचार एकाच डोक्याने, एकाच मापाने केलेला. युरोपात असा विचार हॉटेलच्या रूपाने सगळ्यांत ठळक दिसतो तो इ.स. 1898 साली पॅरिसच्या प्लास वान्दोममध्ये. सेझार रित्झ या स्विस हॉटेलवाल्याने तिथे आपल्या नावाचं हॉटेल उघडलं. खोल्यांना जोडून न्हाणीघरं, वीज, डोळ्यांना न खुपणारा उजेड ही त्याची बाजू. आणि मुदपाकखाना ऑग्युस्त एस्कॉफिएच्या हाती. पलंग आणि पान यांची एकत्र आखणी करणाऱ्या या जोडीमुळे फ्रेंच खानपानाचं हॉटेल ही कल्पना जगभर गेली. सोमेश्वराकडे रित्झ आणि एस्कॉफिए एकाच माणसात आहेत. आणखी एक फरक आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो: इथे यजमानही तोच आणि पाहुणाही तोच. त्यामुळे वर्णनात कुणाला भुलवण्याची गरज उरत नाही. काय केलं की काय चांगलं होतं, एवढंच तो सांगतो.

आणि सांगतो कसं? अनुष्टुभात, विध्यर्थी क्रियापदांत. धुवावं, गाळावं, घालावं, ढवळावं, उतरवावं. राजाच्या तोंडी आज्ञार्थ शोभतो, पण या प्रकरणातला सूर आज्ञेचा नाही. चुलीपाशी बसून लेकी-सुनांना शिकवणाऱ्या थोरलीचा तो सूर आहे. भाताचं घ्या. आधी साळींचे आठ प्रकार; त्यांत तांबडी, मोठी, सुवासिक, कलिंगातली, जाडी, बारीक आणि साठ दिवसांत येणारी साठी, अशा जाती तो मोजतो. मग तांदूळ नीट निवडून पुनःपुन्हा धुवायचा. भांडं तांब्याचं किंवा मातीचं. पाणी तिप्पट. दाणा अर्धामुर्धा शिजला की त्यात दूध किंवा तूप, आणि मग पेज काढून टाकायची. रत्नांचा, सिंहासनाचा, दिग्विजयाचा उल्लेख नाही. सगळी नजर दाण्यावर. दाणा कधी अर्धा शिजतो हे ज्याने वाकून पाहिलेलं आहे त्यालाच हे लिहिता येतं, आणि इथेच हा राजा माझ्या मनात सर्वज्ञ ठरतो. बिरुदातल्या अर्थाने नाही, पाहिलेलं नीट सांगणारा या अर्थाने.

डाळींची यादी वाचताना लातूरकराचं मन जास्तच ओढलं जाईल. मूग, मसूर, हरभरा, चवळी, वाल, कुळीथ आणि तूर. आज डाळ मिलच्या धुरळ्यात आणि आडत बाजाराच्या बोलीत ज्या तुरीवर हे शहर उभं आहे, ती तूर नऊशे वर्षांपूर्वी याच मुलखाच्या राजाच्या यादीत आहे. शिजवण्याची रीत मंद आचेची. शिजत असताना वरून शिंपडायचं ते हिंगाचं पाणी. हिंगाची पूड घालायची नाही, पाण्यात विरघळवून शिंपडायची. या एका सूचनेवर मी बराच वेळ रेंगाळलो आहे. पूड एका जागी पडते, तिथे उग्र होते आणि बाकीची डाळ कोरी राहते. पाणी सगळीकडे सारखं पोहोचतं. मांस, भाजी, डाळ या सगळ्यांत हिंगाचं पाणी या प्रकरणात वारंवार येतं. सोमेश्वराच्या रुचीचा मूळ स्वर कोणता असं कुणी विचारलं, तर मी हाच सांगेन.

मांड्यांचा भाग म्हणजे या प्रकरणाचा कळस. गहू धुवायचे, उन्हात वाळवायचे, जात्यावर दळायचे, चाळायचे. पीठ तुपाचा हात लावून, मीठ घालून भरपूर मळायचं. गोळे करायचे, तांदळाच्या पिठीवर लाटत-थापत हातावर वाढवत न्यायचे आणि तापलेल्या खापरावर टाकायचे. काळे पडायच्या आत काढायचे. मराठवाड्यात, खानदेशात, बेळगावकडे मांडे करणाऱ्या बायकांना यातलं एक अक्षरही समजावून सांगावं लागणार नाही. पालथं खापर, कोपरापर्यंत पसरलेला मांडा, क्षणभराची भाजणी: सगळं तेच. शिजवण्याच्या कृती पुष्कळ ग्रंथांत असतात. हात हवेत असताना काय घडतं ते शब्दांत पकडणं मात्र विरळा. पुढच्याच टप्प्यावर तो निखाऱ्यांवर भाजलेली अंगारपोळिका सांगतो, आणि शेतात गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजणारा आपला माणूस आठवल्याशिवाय राहत नाही. राजवाड्याच्या पाकशाळेत शेतातली भाजणी कशी आली हा प्रश्नच चुकीचा आहे. ती शेतातूनच आली असणार, आणि राजाने ती आणू दिली.

मग पदार्थांची रीघ लागते. उडदाची इड्डरिका, डाळीच्या पिठाचा दोसक. दोन्हींत तांदूळ नाही, तो पुढे केव्हातरी आला. दुधात, दह्यात, कांजीत भिजवलेले वडे. भोक नसलेल्या घारिका. आणि एक आश्चर्य: दूध नासवून, फडक्यातून गाळून, त्या गोळ्यात तांदळाचं पीठ मिसळून तळलेले आणि साखरेच्या पाकात सोडलेले गोळे. छान्याची मिठाई म्हटलं की आपण सरळ बंगालकडे बोट दाखवतो. बाराव्या शतकात कल्याणीत ती राजाच्या पानात होती.

मांसाहाराच्या भागाकडे आजचे वाचक बिचकत जातात. मला तो भाग प्रामाणिकपणासाठी आवडतो. रानडुकराचे केस काढायच्या दोन रीती तो देतो, एक कढत पाण्याची, दुसरी गवताच्या जाळाची. काळजाचे सुपारीएवढे तुकडे करायचे, निखाऱ्यावर भाजायचे, मसाला लावून तेलात परतायचे आणि दह्यात किंवा मोहरीच्या पाण्यात सोडायचे. भाजलेल्या कासवाची चव भाजलेल्या केळासारखी लागते, अशी तुलना तो करतो. नदीकाठच्या शेतातले उंदीरसुद्धा या पाकशाळेत येतात. काय खावं, काय खाऊ नये या वादात मला इथे शिरायचं नाही. मुद्दा असा की डुकराला आणि गव्हाला तो सारखंच बारीक लक्ष देतो. सुपारीएवढा तुकडा म्हणताना त्याला आच किती आत जाईल ते ठाऊक आहे. फ्रान्समध्ये चौदाव्या शतकात गियोम तिरेल, ऊर्फ तायवां, याच्या नावावर असलेला ‘ल व्यांदिए’ हा राजघराण्यातला पाकग्रंथ प्रसिद्ध आहे. पण तायवां हा स्वयंपाकी होता. ब्रिया-सावारां या न्यायाधीशाने 1825 साली चवीवर पुस्तक लिहिलं. तो जेवणारा होता, चुलीपाशी न बसणारा. सोमेश्वराचं लेखन या दोघांच्या मधल्या दुर्मिळ जागेवर उभं आहे. जेवणाराच चुलीपाशी वाकून पाहतो आहे.

या प्रकरणाचा स्वाद नीट घ्यायचा तर वाचताना आपल्या जिभेवरून काही गोष्टी बाजूला ठेवाव्या लागतात. मिरची नाही. शेंगदाणा नाही, बटाटा नाही, टोमॅटो नाही. ही सगळी अमेरिकेहून सोळाव्या शतकापासून इकडे पोहोचलेली. लातूर-नांदेडकडच्या जेवणातून लाल तिखट आणि शेंगदाण्याची चटणी काढली तर आपल्याला जेवण बेचव होईल असं वाटतं. पण सोमेश्वराचं तिखट मिऱ्याचं, मोहरीचं, सुंठीचं आहे. जिभेवर चढत जाणारं, लगेच जाळणारं नाही. आंबटपणा चिंचेचा, महाळुंगाचा, डाळिंबाचा. या आंबटांमध्ये बारीक फरक करता येणारी जीभ त्याने गृहीत धरली आहे. मिरचीने आपल्याला खूप दिलं, पण त्या बारकाव्यांतलं थोडंफार झाकूनही टाकलं असावं असं मला हे वाचताना प्रकर्षाने वाटतं.

जेवण बसतं तेव्हा राजा पूर्वेकडे तोंड करून आसनावर बसतो. नाभीपासून गुडघ्यापर्यंत पांढरं वस्त्र पसरलेलं. समोर सोन्याचं मोठं ताट, भोवती वाट्या. सोबत मुलं, नातवंडं, आप्त, सामंत. या विंशतीत पुत्रोपभोगाचा अध्याय अन्नोपभोगाच्या अगदी आधी येतो, हा क्रम मला सहज झालेला वाटत नाही. लेकरं जवळ बसल्यावरच ताट पुढे येतं. आधी भात, मुगाचं वरण आणि तूप. मग कोवळं मांस. मध्ये गोड, पायस, फळं. पुढे साखर, वेलची, कापूर घातलेली शिखरिणी, म्हणजे आपल्या श्रीखंडाची पूर्वज, मग मज्जिका, म्हणजे मठ्ठा, आणि शेवटी दहीभात किंवा दूधभात, थोडं मीठ लावून. चव एका चढावर नेऊन मग हळूहळू खाली उतरवण्याची ही रचना आहे. सुरुवात साधी, शेवटही साधा, वैभव मधोमध. मुगाच्या वरणाने सुरू होऊन दहीभाताने संपणारं राजभोजन ज्याला सुचलं, त्याला भुकेची आणि तृप्तीची दोन्ही टोकं ठाऊक होती. आज एकामागून एक लहान बशा आणणाऱ्या फ्रेंच हॉटेलांमध्येही शेफची सगळी कसोटी अशाच क्रमात असते. मात्र शेवटी गोडाने झाकण घालण्याची तिथली रीत मला सोमेश्वराच्या ताकापुढे कमी वाटते. गोडानंतर जीभ थकते. ताकानंतर ती मोकळी होते.

ऋतूंचा हिशेबही ताटात आहे. वसंतात तिखट, उन्हाळ्यात गोड आणि गार, पावसाळ्यात खारट, शरदात पुन्हा गोड, हेमंतात स्निग्ध आणि उष्ण, शिशिरात उष्ण आणि आंबट. वैद्यकाचा आधार इथे स्पष्ट दिसतो, आणि हा भाग तो भराभर सांगून पुढे जातो.

अन्नाला लागून पाण्याचा अध्याय येतो. पावसाचं पाणी, नदीचं, झऱ्याचं, तळ्याचं, विहिरीचं. कोणत्या ऋतूत कोणतं पाणी घ्यावं. दिवसा उन्हात आणि रात्री चांदण्यात राहून निवळलेलं शरदातलं हंसोदक. लवंग, कापूर, पाटलाची फुलं यांनी सुगंधित केलेलं पाणी. दुसरीकडचा वाचक हा अध्याय रम्य म्हणून वाचेल. लातूरच्या माणसाला तो तसा वाचता येणार नाही. एप्रिल 2016मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांमधून या शहराला पाणी आणावं लागलं. मांजरा धरणात तेव्हा पिण्यालाही पाणी उरलं नव्हतं. ज्या गावाने घागरी घेऊन रांगा लावल्या, त्या गावाच्याच राजाने पाण्याला उपभोगांच्या यादीत स्वतंत्र जागा दिली होती, अन्नाच्या बरोबरीची. हा अध्याय मी चैनीचा म्हणून वाचत नाही. कोरडवाहू मुलखात जन्मलेल्या माणसाची पाण्याविषयीची ही अदब आहे. झऱ्याचं पाणी आणि विहिरीचं पाणी वेगळं लागतं, हे ज्याला पाणी सहज मिळतं त्याच्या लक्षात येत नाही.

मग पायांना तेल, आणि थोडं पुढे शय्या. हंसाच्या पिसांच्या गाद्या, सावरीच्या कापसाच्या, साध्या कापसाच्या, फुलांच्या केसरांच्या, कोवळ्या पालवीच्या, पाकळ्यांच्या. कातड्यात पाणी भरलेलीसुद्धा. ऋतूप्रमाणे गादी बदलायची. मे महिन्यात लातूरच्या गच्चीवर अंगाखालची चादर ओली करून झोपलेल्या कुणालाही पाण्याच्या गादीचा अर्थ सांगावा लागत नाही.

एवढं ऐश्वर्य वाचल्यावर मनात एक प्रश्न उभा राहतो, आणि तो बाजूला सारून रसग्रहण पुरं होणार नाही. ही साळ कुणी कांडली? हे गहू कुणी दळले? अन्नोपभोगात आचाऱ्याचं नाव नाही, दळणारणीचं तर नाहीच. पण सोमेश्वराचा ग्रंथ अख्खा वाचला की त्या बायका एका वेगळ्याच ठिकाणी भेटतात. चौथ्या विंशतीत, गाण्याच्या विनोदात, म्हणजे करमणुकीच्या अध्यायात, महाराष्ट्रात बायका कांडताना ओव्या गातात असा उल्लेख तो करतो. ओवीचा हा फार जुना, मोलाचा दाखला म्हणून मराठीचे अभ्यासक त्याच्याकडे बघतात. मला त्यात आणखी काही दिसतं. पाकशाळेच्या अध्यायात ज्यांना जागा मिळाली नाही, त्या गाण्याच्या अध्यायात आवाज होऊन आल्या. राजाने त्यांना ऐकलं होतं. तांदळाच्या शुभ्र दाण्यावर जितकी त्याची नजर होती, तितकाच त्याचा कान मुसळाच्या ठेक्यावर होता.

दुसरं उत्तर ग्रंथाच्या बांधणीत आहे आणि ते अधिक भक्कम आहे. उपभोगांची विंशती तिसरी. पहिली विंशती राज्य मिळवण्याची आहे आणि तिच्यात वीस आचार सांगितले आहेत. खोटं टाळावं, दुसऱ्याचा द्रोह टाळावा, स्वतःची स्तुती टाळावी, दान द्यावं, गोड बोलावं, अतिथीचं पूजन करावं. शेवटचे दोन अध्याय तर दीन, अनाथ, आर्त, आप्त आणि सेवक यांचं पोषण आणि शरणागताचं रक्षण असे आहेत. दुसरी विंशती मिळालेलं राज्य स्थिर करण्याची. त्यानंतर सोन्याचं ताट. म्हणजे सामान्य वाचकाला जो भाग सगळ्यांत रसाळ वाटतो, तिथे पोहोचण्याआधी त्याला चाळीस अध्याय चालून जावं लागतं, आणि त्या वाटेवर भुकेल्यांची पंगत आधी उठलेली असते. मांडे, शिखरिणी आणि हंसपिसांची गादी मला कधी उधळी वाटत नाहीत, याचं कारण हा क्रम आहे. त्याने ते उपभोग आधी नेमाने कमावले आहेत, निदान ग्रंथात तरी.

सोमेश्वर 1138च्या सुमारास गेला. पुढच्या पिढीत त्याच कल्याणीत, बिज्जल राजाच्या काळात, बसवण्णा आले आणि त्यांनी कष्टाच्या कमाईतून सगळ्यांना जेवू घालण्याचा दासोह हाच धर्म मांडला. राजाचं ताट आणि बसवण्णांच्या अनुयायांची, म्हणजे शरणांची, पंगत यांच्यामध्ये काळाचं अंतर अगदी थोडं आहे. त्यानंतर साडेपाचशे वर्षांनी गोदावरीकाठी नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला, आणि तिथला लंगर आजही येईल त्याला बसवून वाढतो. कल्याणी ते नांदेड या पट्ट्यात अन्नाचा विचार असा तीन वाटांनी झालेला आहे. दासोहाचा आणि लंगरचा मान आपण राखतो. सोमेश्वराच्या बारकाव्यांचा मान राखणारा वाचक मात्र अजून हवा तितका मिळालेला नाही. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत गजानन श्रीगोंदेकरांनी 1925पासून हा ग्रंथ छापून आणला, म्हणून आपल्याला तो हाती धरता येतो.

देगलूर तालुक्यातल्या होट्टलला चालुक्यकालीन सिद्धेश्वराच्या मंदिराच्या साक्षीने महोत्सव भरतो. गाणं होतं, नाच होतो, आणि सोमेश्वराच्या ग्रंथात या दोन्हींना मोठी जागा आहे. तिथे एका संध्याकाळी अन्नोपभोगातलं जेवणही मांडता येईल, आणि लातूर-नांदेडच्या हॉटेलवाल्यांनी ते मनावर घ्यावं असं मला फार वाटतं. सुवासिक तांदळाचा, दूध शिंपून पेज काढलेला भात. मुगाचं वरण, वरून हिंगाचं पाणी. खापरावरचे मांडे, तेही रोज मांडे करणाऱ्या बाईच्या हातचे, आणि तिचं नाव पदार्थांच्या यादीत पदार्थाशेजारी छापलेलं. ज्यांना चालतं त्यांच्यासाठी निखाऱ्यावर भाजून मोहरीच्या पाण्यात सोडलेले काळजाचे सुपारीएवढे तुकडे. पाकातले छान्याचे गोळे, खाण्याच्या कापराची शिखरिणी, सुंठ घातलेला मठ्ठा, मीठ लावलेला दहीभात. माठातलं पाणी, लवंगेच्या वासाचं. तिखटाला मिरे आणि मोहरी. मिरची त्या दिवशी कोठीतच राहू द्यावी.